नागपूर : संदेशवहनतंत्र व स्थानिक प्रसारमाध्यमे

नवे संदेशवहनतंत्र विकसनशील देशांतील स्थानिक माध्यमांचे क्षेत्र वाढविते. पण बातमी व कार्यक्रम कोठे आणि कोणत्या भाषेत तयार व्हावेत, याचा निर्णय बहुधा दूरच्या केंद्राकडेच राहतो. नागपूरच्या इतिहासात ही विसंगती ठळकपणे आढळते.

१८६७ मध्ये नागपूर लोहमार्गाने मुंबईशी जोडले गेले. पुढे येथे 'हितवाद' (१९११) हे इंग्रजी व 'महाराष्ट्र' (१९१४) हे गो. अ. ओगले यांचे मराठी पत्र निघाले. वृत्तसंस्थांच्या तारा इंग्रजीत येत. इंग्रजी पत्राला त्या जवळजवळ तशाच छापता येत. मराठी उपसंपादकाला मात्र त्या रात्रीतून भाषांतरित कराव्या लागत. तारायंत्राचा लाभ दोहोंना सारखा झाला, असे म्हणूनच म्हणता येत नाही. 'हिंदुस्थान समाचार'ने देवनागरी दूरमुद्रक वापरात आणला, तो १९५४ मध्ये.

नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, तेव्हा हे शहर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. १९५६ मध्ये राजधानीपद गेले, केंद्र राहिले. निरक्षर श्रोत्यापर्यंत त्याच्याच बोलीत पोहोचणे वृत्तपत्रांना शक्य नव्हते. नभोवाणीला ते शक्य झाले. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि स्थानिक व्यापाऱ्याला वृत्तपत्राखेरीज दुसरे साधन मिळाले.

१९८८ चा अनुभव वेगळा आहे. देशाच्या मध्यभागी असल्यामुळे नागपूर येथे १,००० किलोवॉट शक्तीचा मध्यम लहरी प्रक्षेपक उभारून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू करण्यात आली. तिचे कार्यक्रम दिल्लीत तयार होत. नागपूरच्या वाट्याला आले ते भौगोलिक स्थान; विदर्भाचा आवाज त्यामुळे दूरवर गेला नाही. ही वाहिनी २०१९ च्या प्रारंभी बंद झाली. १९८२ नंतर उपग्रहाद्वारे सहक्षेपित होणाऱ्या दूरदर्शन कार्यक्रमांबाबतही बव्हंशी हेच घडले. युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाने १९८० मध्ये राष्ट्राराष्ट्रांतील माहितीच्या एकमार्गी प्रवाहाविषयी चिंता व्यक्त केली होती. देशांतर्गत प्रवाहही तसाच असू शकतो, हे येथे दिसते.

प्रतिरूप मुद्रण व संगणकीय अक्षरजुळणी यांचा परिणाम उलट झाला. 'लोकमत' (नागपूर आवृत्ती १९७१) व इतर दैनिकांना जिल्हावार पाने काढणे परवडू लागले. गडचिरोलीच्या गावाची बातमी प्रथमच नियमितपणे छापली जाऊ लागली. मात्र ती गडचिरोलीच्याच पानावर राहिली. नागपूरच्या वाचकाला, जेथे अधिवेशनकाळात शासन बसते, ती क्वचितच दिसते.