विसार : दिलेल्या शब्दाची पूर्वपीठिका

अक्कलकोट हे मराठी आणि कानडी या दोन भाषांच्या सीमेवर वसलेले गाव. १९४८ पर्यंत ते एका लहानशा संस्थानाची राजधानी होते. आज तो सोलापूर जिल्ह्यातील एक तालुका आहे. येथील बाजारात दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने कानी पडतात. सौदा ठरताच घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर जी थोडी रक्कम ठेवायची, तिला मराठीत ‘विसार’ किंवा ‘इसार’ म्हणतात आणि कानडीत ‘संचकार’. हे दोन लहान शब्द आहेत. परंतु दिलेला शब्द पाळावा की मोडावा, या प्रश्नाचा फार जुना इतिहास त्यांच्या पोटात दडलेला आहे.

‘संचकार’ हा शब्द संस्कृतातील ‘सत्यंकार’ या शब्दाशी नाते सांगतो. सत्यंकार म्हणजे बोललेले खरे करणे. याज्ञवल्क्य स्मृतीत सत्यंकार म्हणून घेतलेले द्रव्य दुप्पट परत करावे, असा दंडक आहे. या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही विख्यात टीका लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या कल्याण राजधानीत होऊन गेला. हे कल्याण म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, अक्कलकोटच्या शेजारच्याच मुलखातले. सौद्याची खूण म्हणून दिलेल्या अंगठीचे उदाहरण घेऊन विज्ञानेश्वर सांगतो की, देणारा फिरला तर त्याने अंगठी गमवावी आणि घेणारा फिरला तर त्याने तिच्या दुप्पट भरावे.

शास्त्रकारांना मनुष्यस्वभावाची जाण होती. खरेदी-विक्रीनंतर होणारा पश्चात्ताप, ज्याला ते ‘अनुशय’ म्हणत, त्यांनी एक स्वतंत्र व्यवहारपद मानला. मनुस्मृतीने सौदा परतविण्यासाठी दहा दिवसांची मुदत दिली. याज्ञवल्क्याने वस्तूच्या परीक्षेसाठी निरनिराळ्या मुदती ठरविल्या : दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात. मात्र त्याच ग्रंथात दुसराही एक नियम आहे. बाजारभाव चढला वा उतरला एवढ्याच कारणाने व्यापाऱ्याने झालेल्या खरेदीबद्दल अनुशय धरू नये. धरल्यास सहावा हिस्सा दंड भरावा. माल पारखण्यास मुभा आहे, लोभास नाही. हा भेद आपण ध्यानात ठेवावयास हवा.

हीच विचारसरणी पश्चिमेकडेही आढळते. सम्राट जस्टिनियन याने इ. स. ५२८ मध्ये केलेल्या कायद्यानुसार घेणारा फिरला तर त्याचा विसार बुडे आणि विकणारा फिरला तर त्याला दुप्पट परत द्यावे लागे. लॅटिन भाषेत विसाराला जो शब्द आहे, तो ग्रीक ‘आर्राबोन’वरून आला आणि ग्रीकांनी तो सेमिटिक व्यापाऱ्यांकडून घेतला. उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायात यहूदाने तामारेपाशी ठेवलेल्या गहाणासाठी मूळ हिब्रूत याच कुळातील शब्द आहे.

आम्हां ख्रिस्ती वाचकांना हा शब्द परका नाही. पवित्र आत्मा हा आपल्या अंतःकरणात ठेवलेला विसार होय, असे संत पौल करिंथकरांना आणि इफिसकरांना लिहितो. बाजारातला हा रोकडा शब्द त्याने थेट देवाच्या अभिवचनासाठी वापरला. आणि आपल्या मराठी व कानडी भाषांतरकारांनीही तेथे अनुक्रमे ‘विसार’ व ‘संचकार’ हेच बाजारातले शब्द योजले.

विशेष म्हणजे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ज्या पहिल्या अध्यायात हा शब्द येतो, त्याच अध्यायात पौलावर शब्द फिरविल्याचा आरोप आहे. करिंथला येतो म्हणून सांगून तो गेला नव्हता. त्याने तो आरोप झटकून टाकला नाही. आपण न येण्याचे कारण त्याने सविस्तर सांगितले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने हेच उदाहरण घेऊन निर्णय दिला. पाळण्याच्या हेतूने वचन देणारा खोटे बोलत नाही; परंतु पुढे ते मोडणारा अविश्वासू ठरतो. त्याला दोनच सबबी आहेत : वचन दिलेली गोष्टच उघड अधर्माची असणे, किंवा माणसांची व व्यवहाराची परिस्थिती खरोखर बदललेली असणे.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. अक्कलकोट तालुक्यातील दुधनी ही तुरीची नामांकित बाजारपेठ. आपल्याकडील धान्यबाजारांत पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत. माल आणणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव कळत नसे. मग बोलणे फिरविले तरी साक्षीला कोण? शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये आणि महाराष्ट्रात १९६३ मध्ये बाजार समित्यांचे कायदे झाले. उघड लिलाव व लेखी नोंद यांमुळे शब्दाला साक्षीदार मिळाला. अब्राहामाने सारेच्या दफनासाठी चारशे शेकेल रुपे मोजून भूमी घेतली, तीही नगराच्या वेशीत, सर्वांच्या समक्ष.

आज वेस उरली नाही. विकणारा अक्कलकोटला, घेणारा पुण्याला, आणि सौदा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. तरीही जुनी तत्त्वे कायद्यात जिवंत आहेत. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार विक्रीचा करार तोंडीही होऊ शकतो. ई-वाणिज्यासंबंधी २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार, कंपनी स्वतः सौदा मोडल्यावर जो भुर्दंड सोसत नाही, तो तिने ग्राहकावर लादता कामा नये. दोन्ही बाजूंना समान ताजवा, हे विज्ञानेश्वराचेच तत्त्व होय. युरोपात दूरस्थ खरेदी परतविण्यास ग्राहकाला चौदा दिवस मिळतात. मनूच्या दहा दिवसांची येथे आठवण होते.

परंतु ही संरक्षणे मुख्यतः कंपनी व ग्राहक यांच्यातील आहेत. दोन सामान्य माणसांत जुन्या दुचाकीचा किंवा शिलाई यंत्राचा सौदा ठरतो, विसार दिलेला नसतो, आणि रात्री दुसरा कोणी दोन हजार अधिक देऊ करतो. अशा वेळी कोणी सहसा न्यायालयात जात नाही. तेथे उरतो केवळ शब्द. आमच्या मते कसोटी सरळ आहे. घरात आजारपण आले, वस्तूत दोष निघाला, तर पौलाप्रमाणे तत्काळ कळवावे, कारण खरे सांगावे, घेतलेला पैसा परत करावा आणि समोरच्याचा प्रवासखर्च झाला असल्यास तोही द्यावा. केवळ अधिक दाम मिळतो म्हणून फिरणे हा मात्र अनुशय नव्हे, तो लोभ होय. ज्या गरिबाने त्या यंत्राच्या भरवशावर शिवणकाम पत्करले, त्याच्या पोटावर तो पाय असतो.

ज्या शब्दाने आम्ही पवित्र आत्म्याचे दान ओळखतो, तो शब्द बाजारातून आला आहे. म्हणून बाजारात आम्ही त्याचे काय करतो, हे प्रार्थनामंदिरात आम्ही काय म्हणतो याहून वेगळे ठेवता येत नाही.