ड्रॉइंगचे सर: एका दुय्यम पदाचा इतिहास

जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावात निवृत्त शिक्षक गेले की माजी विद्यार्थी हळहळतात. गणिताच्या सरांबद्दल बोलताना त्यात आदर असतो, आणि त्या आदरात जुनी भीतीही थोडी मिसळलेली असते. ड्रॉइंगच्या सरांबद्दल मात्र माणसे जिव्हाळ्याने बोलतात. हा फरक आपण सहसा स्वभावावर टाकतो: सर कलावंत, म्हणून मनमोकळे. मला हे उत्तर अपुरे वाटते. ज्या विषयात कुणी नापास होत नव्हते, तो शिकवण्याची जागा शाळेत फार वेगळी होती, आणि या जिव्हाळ्याचे मूळ बरेचसे त्या जागेच्या इतिहासात आहे.

ही जागा प्रेमापोटी निर्माण झालेली नव्हती. सर जमशेटजी जीजीभाईंनी देऊ केलेल्या एक लाख रुपयांतून 1857 मध्ये मुंबईत कलाशाळा (जे.जे.) सुरू झाली, तेव्हा हेतू होता हात आणि डोळा तयार असलेले कारागीर घडवण्याचा. नमुना लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेचा होता. 1865 मध्ये जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायला आले तेही त्याच परंपरेतून. पुढे 1879 मध्ये रेखांकन हा शिक्षणाचा विषय झाला आणि 1893 मध्ये ड्रॉइंग शिक्षक तयार करणारा वर्ग निघाला. म्हणजे ‘ड्रॉइंग मास्तर’ हे उद्योगधंद्याच्या गरजेतून जन्मलेले सरकारी पद. जळगाव जामोद ज्यात येते त्या वऱ्हाडाचे आणखी वेगळे. 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेला हा मुलूख 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, 1905 मध्ये जळगाव तालुका अकोल्यातून बुलढाण्यात आला, आणि 1956 पर्यंत इथल्या शाळांचा कारभार नागपूरकडे पाहत होता. कलेची पंढरी मुंबईला, साहेब नागपूरला! दोन्हीपासून दूर, सातपुड्याच्या पायथ्याशी बसलेल्या गावात त्या कारखानदारी हेतूला फारसा अर्थच उरत नव्हता. रेखाटन शिकलेल्या पोराने नक्षी काढायची ती कोणत्या गिरणीसाठी? हेतू गळून पडला, तास तेवढा राहिला. त्या रिकाम्या झालेल्या तासात शिक्षकाला स्वतःच्या बुद्धीने काही करायला वाव मिळाला.

गावात दृश्यकलेची समज नव्हती असे मात्र नाही. याच तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. गोलाकार घटात अठरा प्रकारची धान्ये, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, वर पाण्याची घागर, पुरी, पापड, भजी, वडे. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा कुठे सरकला ते बघून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. भाकीत खरे ठरते का हा वाद वेगळा. पण प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असणे आणि ती जरा हलली तरी नजरेला कळणे, ही पाहण्याची शिस्तच आहे. शाळेच्या चित्रकलेने तिची दखल घ्यायला हवी होती. अभ्यासक्रमात तिला जागा सापडत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांनी मुलांना साचेबंद केले. तेच डोंगर, तोच मावळता सूर्य, त्याच घोटलेल्या स्मरणचित्रांतून कल्पनाशक्ती मेली, मग त्या सरांचे गोडवे कशाला? आक्षेपात तथ्य आहे. घोटून घेतलेली स्मरणचित्रे खरोखरच कंटाळवाणी असतात. पण त्याच परीक्षेतले वस्तुचित्र पाहा. समोर तांब्या, शेजारी वांगे. मूल तांब्याचे तोंड लंबगोल काढते आणि तळ सरळ रेघेने कापते, कारण तांब्या सपाट जागेवर ठेवला आहे हे त्याला ‘माहीत’ असते. सर म्हणतात, माहीत आहे ते काढू नको, दिसते ते काढ. मग कळते की वरून पाहताना तळाची कडही वळते, उलट तोंडापेक्षा जरा जास्तच. पुस्तकात छापलेल्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यावर विसंबायला सांगणारे तास शाळेत किती असतात? साच्यातच साचा मोडण्याची ही सोय होती. ती वापरणारे आणि न वापरणारे, दोन्ही प्रकारचे शिक्षक झाले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: हे प्रेम कलेवरचे नव्हेच, ढिलाईवरचे आहे. ज्या तासाला छडी नाही तो तास कुणालाही आवडेल. पण नुसती ढिलाई माणसे विसरून जातात. चित्रकार सय्यद हैदर रझा याच मध्य प्रांतातले, मंडला जिल्ह्यातले. पुढे नागपूरच्या कलाशाळेत शिकले. पॅरिसमध्ये नाव झाल्यावरही ते प्राथमिक शाळेतल्या नंदलाल झारियांची आठवण सांगत. चंचल पोराला गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्यावर नजर ठेवायला बसवले होते. त्यात सवलत कसली? ती शिक्षाच म्हणायची, फक्त अपमान नसलेली. लक्षात राहिली ती मागणी, आणि तिला गुणांचे ओझे नव्हते.

आता गुण आले आहेत. इंटरमीजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीत 7, 5 किंवा 3 गुण वाढून मिळतात. यामुळे विषयाला किंमत आली असे म्हणतात. अर्ज भरण्यापुरती आली असेल. दुसरीकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तिथे कलेसाठी अंशकालीन निदेशक पुरेसा मानला. शंभराच्या आतल्या शाळेला तोही नाही, आणि सातपुड्याच्या कुशीतल्या वस्त्यांवरच्या शाळांचा पट किती असतो ते वेगळे सांगायला नको. चित्रकार धुरंधरांनी जे.जे.तल्या एकेचाळीस वर्षांवर पुस्तक लिहिले. तालुक्याच्या सरांचे काम मात्र स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर, फळ्यावरच्या सुविचारात, बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्यांवर पडून राहायचे, आणि त्यासाठी माणूस दिवसभर शाळेत आणि वर्षानुवर्षे गावात असावा लागे. ठरलेल्या तासिकेपुरता येऊन पुढच्या शाळेची एस.टी. पकडणाऱ्या निदेशकाकडून तो पडदा रंगवून होणे अवघड आहे, मग तो कितीही चांगला चित्रकार असो.