ऊन, दूषित हवा आणि हृदयरुग्ण

हृदयविकाराची चर्चा सहसा तेल-तूप, तंबाखू, मधुमेह आणि ताणतणाव यांभोवती फिरते. हवामान आणि प्रदूषण हा विषय मात्र दम्याच्या रुग्णांपुरता आहे, असे समजले जाते. ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार बाहेरच्या दूषित हवेमुळे होणाऱ्या अकाली मृत्यूंमध्ये सर्वांत मोठा वाटा हृदयविकार आणि पक्षाघाताचा आहे.

उन्हात हृदयाला काय करावे लागते?

शरीर थंड ठेवण्याचे दोनच मुख्य मार्ग असतात : त्वचेकडे जास्त रक्त पाठवणे आणि घाम गाळणे. एरवी त्वचेतून मिनिटाला अर्धा लिटरहून कमी रक्त वाहते. तीव्र उष्णतेत हे प्रमाण सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकते. विश्रांतीच्या वेळी निरोगी हृदय मिनिटाला एकूण पाच लिटरच्या आसपास रक्त ढकलते, हे लक्षात घेतले की बोजा किती वाढतो ते कळते. त्यातच घामामुळे रक्तातले पाणी कमी होते, रक्त दाट होते आणि गुठळी होण्याची शक्यता वाढते. निरोगी माणसाचे हृदय ठोके वाढवून हे निभावते. ज्याच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत किंवा हृदयाचा स्नायू कमजोर आहे, त्याला ते जमेलच असे नाही.

विदर्भातले ऊन आणि कोकणातले ऊन यांत फरक आहे. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, पण हवा कोरडी असल्याने घाम वाळतो आणि कूलर चांगले काम करतो. मुंबई-रत्नागिरीला ३६ अंशांतही दमट हवेमुळे घाम नुसता निथळतो, शरीर थंड होत नाही. तिथे कूलरचा उपयोग जवळजवळ नाही. खोलीचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की पंखाही गरम हवाच अंगावर फेकतो. अशा वेळी ओल्या कापडाने अंग पुसणे जास्त कामाचे.

औषधे आणि ‘भरपूर पाणी प्या’चा सल्ला

हृदयरुग्णांची नेहमीची औषधे उन्हाळ्यात वेगळी वागू शकतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी आधीच पाणी कमी होत असते. बीटा ब्लॉकरमुळे ठोके गरजेइतके वाढत नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उभे राहताना चक्कर येते. म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी.

उन्हाळ्यात सगळीकडे दिला जाणारा पाण्याचा सल्ला हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला जसाच्या तसा लागू होत नाही. पाणी आणि मीठ मोजून घ्यायला सांगितलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या आग्रहाखातर ओआरएसचे ग्लास रिचवू नयेत. एक लिटर ओआरएसमध्ये सुमारे २.६ ग्रॅम मीठ असते. मीठ घातलेले ताक आणि पन्हे हेही याच हिशेबात धरायचे. रोज सकाळी त्याच काट्यावर वजन करणे हा घरच्या घरी करता येणारा सर्वांत चांगला उपाय आहे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर शरीरात पाणी साठत असावे. वजन उतरून चक्कर येऊ लागली तर पाणी कमी पडत असावे. दोन्ही वेळा डॉक्टरांना कळवावे.

जिभेखाली ठेवायची गोळी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. उष्णतेने तिचा परिणाम कमी होऊ शकतो.

पीएम २.५ हृदयापर्यंत कसे पोहोचते?

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. वाहने, कोळशावरची वीजकेंद्रे, कचरा जाळणे, चुलीचा धूर यांतून हे कण येतात. ते फुप्फुसांच्या टोकापर्यंत जातात आणि तिथे दाह निर्माण करतात. त्यातले अतिसूक्ष्म कण थेट रक्तात उतरतात. परिणामी धमन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याकडे झुकते आणि कधी ठोक्यांची लय बिघडते. हे काही तासांतही घडू शकते. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरके साचले, तेव्हा हजारो माणसे दगावली आणि त्यांत हृदयाचे रुग्णही होते.

भारतात पीएम २.५ साठी चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५ आहे. त्यामुळे हवेचा निर्देशांक ‘समाधानकारक’ दिसला, तरी हृदयरुग्णाने फार समाधान मानू नये.

‘सकाळची शुद्ध हवा’ ही कल्पनाही हिवाळ्यात शहरांत टिकत नाही. थंड हवेचा थर जमिनीलगत अडकतो आणि धूर वर जात नाही. त्यात थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. अशा दिवसांत पहाटेचा फेरफटका ऊन पडल्यावर, मोठ्या रस्त्यापासून दूर घ्यावा. बाहेर पडणे भागच असेल तर एन-९५ मुखपट्टी नीट बसवून वापरावी. रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत. ज्यांना मुखपट्टीत दम लागतो त्यांनी आधी विचारून घ्यावे.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक दम, थंड घाम यांपैकी काही जाणवले तर ‘ऊन लागले असेल’ म्हणून सरबत देत बसू नये. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी मारावे आणि वारा घालावा. दोन्ही प्रसंगी लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.