बीपीसी १५७ आणि नायट्रिक ऑक्साइड यंत्रणा

बीपीसी १५७ हे १५ ॲमिनो आम्लांच्या साखळीचे कृत्रिम पेप्टाइड आहे. त्याचा रेणुभार सुमारे १,४१९ आहे. मानवी जठररसातील एका संरक्षक प्रथिनाचा हा अंश असल्याची मांडणी क्रोएशियातील झाग्रेब विद्यापीठाचे प्रेद्राग सिकिरिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी केली. प्रायोगिक प्राण्यांत जठरव्रण, आतड्याच्या जखमा व कंडरांच्या इजा भरून येण्यास त्याची मदत होते, असे या गटाने नोंदवले आहे.

नायट्रिक ऑक्साइड यंत्रणा : शरीरात एल-आर्जिनिन या ॲमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. ही क्रिया घडवणाऱ्या सिंथेज विकराचे अंतःस्तरीय, चेतापेशीय व प्रेरित असे तीन प्रकार आहेत. हा वायू रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करतो आणि जठराच्या अस्तराचा रक्तपुरवठा टिकवतो. मात्र दाहाच्या वेळी प्रेरित विकरातून तो अतोनात निर्माण झाला, तर ऊतींना अपाय होतो. रक्ताभिसरणातील त्याच्या संदेशवहनाच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परस्परसंबंध : एल-नेम हे द्रव्य सिंथेज विकराला रोखते, त्यामुळे रक्तदाब वाढतो; जादा एल-आर्जिनिन दिल्यास तो उतरतो. झाग्रेब गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उंदरांवरील प्रयोगांत बीपीसी १५७ मुळे हे दोन्ही परिणाम सौम्य झाले, पण प्राकृत रक्तदाबात फरक पडला नाही. त्यामुळे हे पेप्टाइड नायट्रिक ऑक्साइड सरसकट वाढवत नसून यंत्रणेचा तोल सावरते, असा अर्थ या गटाने लावला. तैवानमधील संशोधकांनी २०२० मध्ये पेप्टाइडच्या या यंत्रणेवरील परिणामामागची एक संभाव्य प्रक्रिया दाखवली. कॅव्हिओलिन-१ हे प्रथिन अंतःस्तरीय विकराला बांधून निष्क्रिय ठेवते. बीपीसी १५७ मुळे एसआरसी हे विकर कार्यान्वित होते, कॅव्हिओलिनची पकड सुटते आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होऊ लागतो. उंदराच्या महाधमनीचे तुकडे पेप्टाइडमुळे सैलावले. अंतःस्तर खरवडून काढल्यावर किंवा एल-नेम दिल्यावर हा परिणाम बराच घटला.

मर्यादा : तोल सावरण्याची कल्पना मुख्यतः एकाच गटाच्या प्राणिप्रयोगांवर उभी आहे. पेप्टाइड नेमक्या कोणत्या ग्राहीला जोडले जाते, हे निश्चित झालेले नाही. माणसांवरील अभ्यास मोजके व लहान आहेत. नव्या रक्तवाहिन्या तयार होण्यास चालना देणारे हे पेप्टाइड अर्बुदांनाही पोसू शकेल, ही शंका दूर करणारी दीर्घकालीन माहिती उपलब्ध नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हे औषध म्हणून मंजूर केलेले नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून खेळाडूंना त्याच्या वापरास बंदी घातली आहे.