टायर, जुन्या मोटारगाड्यांचे
जुन्या मोटारगाडीला टायर निवडताना मापाइतकाच तिच्या चाकाचा काळ पाहावा लागतो. डनलप यांच्या १८८८ मधील हवाभरित टायरनंतर आलेल्या आरंभीच्या अनेक मोटारगाड्यांचे टायर जाड कडेचे असत. रिमच्या वळविलेल्या काठात ते हवेच्या दाबानेच अडकून राहत. म्हणून त्यांत हवा कमी ठेवणे धोक्याचे. फोर्ड मॉडेल टीच्या ३० × ३½ या मापातील ३० इंच हा टायरचा बाह्य व्यास होय. रिम २३ इंचांचेच असते. आजच्या मापांत रिमचा व्यास देतात, त्यामुळे येथे पुष्कळांची फसगत होते.

मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये अरीय टायरचे एकस्व घेतले. त्याआधीच्या टायरांत दोऱ्यांचे थर एकमेकांस तिरके छेदीत. अरीय टायर रस्ता अधिक घट्ट धरतो, मात्र त्यामुळे वळणावर येणारा जादा ताण जुन्या रिमला सोसेलच असे नाही. मंद वेगात सुकाणूही जड होते. नवे ते सुरक्षित, हा समज येथे सरसकट लागू पडत नाही. पुढे अरीय व मागे तिरक्या थरांचे टायर लावल्यास तर वळणावर मागील चाके आधी घसरतात.

क्वचितच बाहेर निघणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत राहते, पण ऑक्सिजन, ओझोन व ऊन यांमुळे रबर कडक होऊन तडकते. २००० पासूनच्या टायरांवर निर्मितीचा आठवडा व वर्ष चार अंकांत असतात. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा.