डोळे उघडे, माणूस कुठे?

३ ऑगस्ट १९६४. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, जॅक्सनच्या तुरुंगातल्या एका कैद्याच्या शिरेत नवं औषध टोचलं गेलं. त्याचं नाव केटामाइन.

पार्क-डेव्हिस कंपनीचं आधीचं औषध, फेन्सायक्लिडीन, वेदना छान थांबवायचं. पण शुद्धीवर येताना रुग्ण तासन्‌तास भ्रमात असायचे, खवळायचे. म्हणून १९६२ साली कॅल्विन स्टीव्हन्स यांनी त्याचाच कमी वेळ टिकणारा भाऊबंद तयार केला.

एडवर्ड डॉमिनो आणि ग्युंटर कोर्सेन या डॉक्टरांनी तो आधी कैद्यांवर तपासला. तेव्हा तुरुंगात अशा चाचण्या सर्रास व्हायच्या. कैद्याचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न पुढे ऐरणीवर आला. साधारण तिघांत एकाला काही ना काही दुष्परिणाम जाणवला. आपण अंतराळात तरंगतोय, हातपाय आहेत की नाहीत तेच कळत नाही, असं अनेकांनी सांगितलं. ही माणसं भोवतालापासून तुटल्यासारखी होतात, असं डॉमिनो घरी बोलले आणि त्यांच्या पत्नी टोनी यांनी शब्द सुचवला : ‘डिसोसिएटिव्ह’ भूल.

१९७० मध्ये औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ते व्हिएतनामच्या युद्धात जखमींसाठी वापरलं गेलं. १९८५ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. कारण सरळ आहे : यात श्वास आणि रक्तदाब सहसा टिकून राहतात. अपघात विभागात लहान मुलाचा मोडलेला हात बसवताना याहून मोठा आधार काय असणार?

पण मॉनिटरवर सगळं ठीक दिसत असताना रुग्ण भलतीकडेच असू शकतो. कुणाला सुंदर रंग दिसतात, तर कुणाला आपण मेलोच असं वाटतं. कुणी जागं होताना किंचाळतं. डॉक्टर याला ‘इमर्जन्स रिअॅक्शन’ म्हणतात. ती बहुधा थोड्या वेळात ओसरते. गरज पडल्यास मिडाझोलामसारखं औषध देतात.

एक उपाय मात्र फुकटचा आहे. सुई टोचण्याआधी शांतपणे सांगायचं : ‘थोडा वेळ विचित्र वाटेल, स्वप्नासारखं. आम्ही इथेच आहोत. एखादी आवडती जागा आठवा.’ नातेवाइकांनाही सांगायचं, की त्याचे डोळे उघडे असतील, पण तो तुम्हाला ओळखणार नाही.

तरंगण्याची गोष्ट जगाला पहिल्यांदा त्या कैद्यांनी सांगितली. त्यांना मात्र ती आधी सांगणारं कुणीच नव्हतं.