एनएमएमएस: बुद्धिमत्तेच्या पेपरची तयारी कशी कराल?

आठवीतल्या मुलांसाठीच्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेत दोन पेपर असतात. शालेय विषयांचा अभ्यास वर्गात होतोच. गाडी अडते ती बौद्धिक क्षमता चाचणीत. 90 प्रश्न, 90 मिनिटं. महाराष्ट्रात ही परीक्षा उर्दू माध्यमातूनही देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं.

बरीच मुलं जुन्या प्रश्नपत्रिका एकामागून एक सोडवतात, गुण मोजतात आणि वही मिटतात. खरं काम तिथून सुरू होतं. समजा 2, 6, 12, 20, 30 नंतर काय, हा प्रश्न चुकला. उत्तर 42 एवढं पाहून पुढे जाऊ नका. नियमच सुचला नाही, की फरक 4, 6, 8, 10 असा वाढतोय हे दिसूनही बेरीज चुकली, की प्रश्न घाईत वाचला? नियम सुचत नसेल तर तशाच आणखी दहा मालिका सोडवा. बेरीज चुकत असेल तर कच्चं काम नीट मांडा. कारण वहीत लिहा आणि चार दिवसांनी तोच प्रश्न उत्तर न बघता पुन्हा सोडवा. अंदाजाने बरोबर आलेले प्रश्नही याच वहीत घ्या. मुलं इथे कुरकुरतात, पण पुढच्या पेपरात नेमके तेच दगा देतात.

शेवटच्या महिन्यात घड्याळ लावून बसा. मिनिटभरात वाट दिसली नाही तर खूण करून पुढे चला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटची पाच मिनिटं राहिलेली वर्तुळं भरायला ठेवा.